डीआरएसपी चार्ट: बायपोलारच्या जाड फाइलीत जे नव्हतं ते ह्या एका कागदात सापडलं

आधी सांगते रिव्ह्यू कशाचा आहे, कारण ही दुकानात मिळणारी वस्तू नाहीये. डीआरएसपी म्हणजे डेली रेकॉर्ड ऑफ सिव्हिअॅरिटी ऑफ प्रॉब्लेम्स, हा एक पानी फॉर्म आहे, पाळीच्या आधी ज्यांना खूप जास्त मानसिक त्रास होतो त्यांनी रोज भरायचा. जीन एंडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, तो कितपत भरवशाचा आहे ह्याचा त्यांचा पेपर २००६ मध्ये आला आणि पीएमडीडीच्या रिसर्चमध्ये आजही सगळ्यात जास्त हाच वापरतात. पीएमडीडी म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर. नेहमीच्या पीएमएसपेक्षा, म्हणजे पाळीआधीच्या सर्वसाधारण त्रासापेक्षा, फार वरच्या पातळीचा प्रकार, ज्यात पाळीच्या आधीच्या आठवड्यात बाईचं मन असं कोसळतं की नोकरी, नाती, कधीकधी जीव पण पणाला लागतो, आणि पाळी आली की दोन-चार दिवसात सगळं ओसरतं.

मला ह्या फॉर्मबद्दल इतकं भरभरून लिहावंसं वाटतंय कारण माझ्यावर काही वर्षं बायपोलारचा, म्हणजे मूड कधी फार खाली तर कधी फार वर जाणाऱ्या आजाराचा, शिक्का होता. आधी नुसतं डिप्रेशन, मग औषधांनी फरक पडेना म्हणून बायपोलार टू (त्यातला सौम्य 'हाय'वाला प्रकार), मध्येच एकांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीची पण शंका काढली. मूड स्टॅबिलायझर, झोपेची गोळी, अँटिसायकॉटिक, वजन वाढलं, हात थरथरायचे आणि महिन्यातले ते दिवस तरीही तसेच यायचे. नवीन डॉक्टर मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी माझी सगळी जुनी फाइल शांतपणे चाळली आणि विचारलं, "ह्याच्यात तुमच्या पाळीच्या तारखा कुठायत?" कुठेच नव्हत्या. झोप किती, भूक किती, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, लहानपण कसं गेलं, सगळं लिहिलेलं होतं, पण पाळी कधी आली ही एक तारीख अख्ख्या फाइलीत एकदाही नव्हती. मग त्यांनी हा फॉर्म हातात दिला आणि म्हणाल्या दोन सायकल भरून आणा, मग बोलू.

आता फॉर्म दिसतो कसा ते सांगते. डावीकडे एकाखाली एक ओळी, वर महिन्याच्या तारखा. एकवीस ओळी लक्षणांच्या आणि तीन ओळी त्या लक्षणांमुळे आयुष्यात काय अडलं ह्याच्या, अशा चोवीस. रोज संध्याकाळी प्रत्येक ओळीला एक ते सहा आकडा द्यायचा, एक म्हणजे अजिबात नाही आणि सहा म्हणजे अतिशय. वरच्या एका पट्टीत पाळी सुरू असेल त्या दिवशी एम आणि नुसतं स्पॉटिंग, म्हणजे थोडासाच डाग, असेल तर एस लिहायचं. बस एवढंच. ओळी मात्र फार विचार करून घेतल्यात. उदास वाटणं वेगळं, काहीच आशा नाही असं वाटणं वेगळं, स्वतः कुचकामी आहोत किंवा आपलाच दोष आहे असं वाटणं वेगळं. राग येणं आणि चिडचिड ही एक ओळ, आणि लोकांशी प्रत्यक्ष भांडण किंवा वाद होणं ही दुसरी ओळ. ही दोन वेगळी ठेवलीत ना ते मला सगळ्यात आवडलं, कारण मी कित्येकदा आतून उकळत असायचे पण कुणाशी भांडले नाही म्हणून डॉक्टरांसमोर "ह्या महिन्यात बरं होतं" असं सांगून यायचे. इथे रागाला सहा आणि भांडणाला एक असं लिहिता आलं, आणि पहिल्यांदा कुणाला तरी कळलं की गप्प बसण्यात पण माझी किती शक्ती जाते. मग "सगळं अंगावर आल्यासारखं वाटलं, झेपलं नाही", "स्वतःवर ताबा नाही असं वाटलं", जास्त झोप, झोप न लागणं, लक्ष न लागणं, कुणी नाकारलं की फार लागणं, स्तन दुखणं, पोट फुगणं, डोकं दुखणं, सांधे किंवा अंग दुखणं. शेवटच्या तीन ओळी कामावर परिणाम, छंद आणि लोकांत मिसळण्यावर परिणाम, नात्यांवर परिणाम.

रोज भरायचं कशाला, डॉक्टरांनी विचारलं की आठवून सांगू, असं खूप जणींना वाटतं. पण ह्या आजारात आठवण हीच सगळ्यात कच्ची जागा आहे. वाईट आठवड्यात बसून मागे बघितलं की आख्खं आयुष्यच वाईट गेलंय असं वाटतं, आणि चांगल्या आठवड्यात बघितलं तर "एवढं काही नव्हतं, मीच जास्त बाऊ करते" असं वाटतं. अपॉइंटमेंट कोणत्या आठवड्यात पडली ह्यावर निदान ठरायला लागलं तर अवघडच आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५ ह्या निदानाच्या पुस्तकात, जिथे २०१३ साली पीएमडीडी पुरवणीतून उचलून मुख्य निदानांच्या यादीत घेतलं गेलं, तिथे अटच आहे की निदान पक्कं करायचं तर कमीत कमी दोन त्रासाच्या सायकलींमध्ये रोजच्या रोज केलेली नोंद पाहिजे. अकरापैकी किमान पाच लक्षणं पाहिजेत, त्यातलं किमान एक मूडचं पाहिजे, म्हणजे मूड झपकन बदलणं, राग, उदासी किंवा घबराट ह्यातलं, ती पाळीच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात असली पाहिजेत, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसात कमी व्हायला लागली पाहिजेत आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळपास नाहीशी झाली पाहिजेत. हे शेवटचं वाक्य परत वाचा. पाळीनंतरचा आठवडा जवळपास साफ पाहिजे. निदानाचं अर्धं वजन वाईट दिवसांवर आहे आणि अर्धं चांगल्या दिवसांवर, आणि चांगल्या दिवसांची नोंद तर कुणीच ठेवत नाही. हा फॉर्म ती ठेवायला लावतो.

आणि बायपोलारचा घोळ नेमका ह्या चांगल्या दिवसांमुळे होतो. माझं तेच झालं होतं. पाळी आली की डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं, मग साठलेली कामं मी झपाट्यानं उरकायचे, ज्यांना आठवडाभर टाळलं त्यांना फोन करायचे, खूप बोलायचे, हसायचे. समोर बसलेल्याला वाटणार की आधी डाउन आणि आता हाय. पण हायपोमेनिया, म्हणजे बायपोलार टू मधला तो हाय, म्हणायचं तर सलग निदान चार दिवस मूड आणि एनर्जी त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीच्या स्पष्टपणे वर पाहिजे, कमी झोपूनही ताजंतवानं वाटणं, विचार धावत सुटणं, बेफाम खर्च किंवा जोखमीचे निर्णय असली लक्षणं पाहिजेत. मी तर झोपत पण नीट होते आणि पैसे पण जपून वापरत होते, मला फक्त बरं वाटत होतं. खूप महिने आजारी असलेल्या बाईचं बरं वाटणं पण लोकांना लक्षण वाटायला लागतं, ह्याचा मला आजही फार त्रास होतो. रॅपिड सायकलिंग बायपोलार म्हणजे वर्षात चार किंवा जास्त एपिसोड, त्यामुळे दर महिन्याला कोसळणारी बाई त्या चौकटीत बसवणं सोपं जातं, फक्त ते एपिसोड कॅलेंडरवर पाळीच्या तारखांशेजारी ठेवून बघायचे राहून जातात. बॉर्डरलाइनचं पण तसंच, भांडणं, नाकारलं गेल्याची भीती, टोकाचा राग, हे सगळं पीएमडीडीच्या आठवड्यात असतंच, पण बॉर्डरलाइनमध्ये ते पाळीनंतर पुसलं जात नाही.

भरायचा अनुभव. पहिले काही दिवस कंटाळा येतो, चोवीस आकडे म्हणजे खूप वाटतात, पण हात बसला की पाच मिनिटांच्या आत होतं. मी तो उशीशेजारी पेनासकट ठेवायचे, कारण फोनवर ठेवला असता तर उघडलाच नसता. खरी परीक्षा वाईट आठवड्यात असते, जेव्हा ब्रश करायला उठवत नाही तेव्हा चोवीस चौकोन कोण भरणार. तिथे मी बहिणीची मदत घेतली, ती फोनवर ओळ वाचायची आणि मी आकडा सांगायचे. कुणाची मदत घेतलीत तरी आकडा तुमचाच पाहिजे, समोरच्यानं "अगं आज तर बरी वाटत होतीस" म्हणून खाली आणायचा नाही. आणि राहिलेला दिवस दुसऱ्या दिवशी अंदाजानं भरू नका, रिकामा सोडा, डॉक्टरांना रिकामा चौकोन चालतो पण खोटा आकडा चालत नाही. मागचे आकडे बघून आजचा देऊ नका, मी आधीच्या दिवसांचा भाग एका कागदानं झाकूनच ठेवायचे.

पहिली सायकल पूर्ण झाली तेव्हाच मला दिसायला लागलं होतं पण मी मनाला समजावलं की योगायोग असेल. दुसरी झाली आणि मॅडमनी दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एम लिहिलेल्या चौकोनाच्या डावीकडे पाच, सहा, सहा, पाच असे आकडे आणि उजवीकडे दोन दिवसात तीन, दोन, मग नुसते एक, एक, एक. दोन्ही पानांवर तीच कडा. कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. मॅडमनी मग मोजून पण बघितलं, पाळीच्या आधीचे सात दिवस आणि पाळी सुरू झाल्यापासून चौथा ते दहावा दिवस ह्यांची तुलना करायची असते, आधीच्या आठवड्यात एखादं लक्षण निदान दोन दिवस चार किंवा वर गेलं पाहिजे आणि नंतरच्या आठवड्यात तीनच्या वर जायला नको. ह्या मोजणीच्या पद्धतीला सी-पास म्हणतात, २०१७ मध्ये आली, ती ह्याच फॉर्मच्या आकड्यांवर चालते. तुमच्या डॉक्टरांना माहीत नसेल तर नाव सांगा, ह्यात आगाऊपणा काही नाही.

मग प्रश्न पडतो की हार्मोन बिघडलेत का. माझ्या हार्मोनच्या टेस्ट तर सगळ्या नॉर्मल आल्या होत्या आणि तेवढ्यावरून "पाळीचा काही संबंध नाही" असं मला पूर्वी एकदा सांगून पण झालं होतं. पण पीएमडीडीमध्ये हार्मोनची पातळी नॉर्मलच असते, मेंदूची त्या चढउताराला होणारी प्रतिक्रिया वेगळी असते. १९९८ मध्ये श्मिट, रुबिनो आणि त्यांच्या टीमनं हे फार स्वच्छ दाखवलं. त्यांनी औषध देऊन अंडाशयाचं काम थांबवलं तर बऱ्याच बायकांचा त्रास गेला, मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं तर त्यांचा त्रास परत आला, आणि तेच हार्मोन ज्यांना हा त्रास नव्हताच त्या बायकांना दिलं तर त्यांना काहीच झालं नाही. म्हणजे हार्मोन तेच, शरीर वेगळं. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं, ते एरवी मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या यंत्रणेच्या रिसेप्टरवर काम करून शांत करतं, आणि पीएमडीडीत तिथेच गडबड असावी असं आता मानतात. म्हणून रक्ताच्या कुठल्याही टेस्टमध्ये हा आजार सापडत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन वगैरे बघायला हवंच, पण ते दुसरं काही नाही ना ह्यासाठी. निदान करायला हा कंटाळवाणा कागदच लागतो.

आता तक्रारी, त्या पण मनापासून.

सगळ्यात मोठी: आत्महत्येच्या विचारांची ओळच नाहीये. निराशा आहे, कुचकामी वाटणं आहे, ताबा सुटल्यासारखं वाटणं आहे, पण "जगू नये असं वाटलं" हे कुठेच नाही, आणि ज्या आजारात पाळीच्या आधीच्या दिवसांत हे विचार इतक्या जणींना येतात तिथे ही ओळ नसणं मला मान्य नाही. मी खाली पेनानं पंचविसावी ओळ आखून घेतली होती. तुम्ही पण आखा आणि ती डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवा.

दुसरी, फॉर्म रक्तस्रावावर टांगलेला आहे. ज्यांचं गर्भाशय काढलंय पण अंडाशय आहेत त्यांची सायकल आत चालूच असते, त्रास पण होऊ शकतो, पण एम कुठे लिहिणार? हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू बसवलेल्या आणि रक्तस्राव थांबलेल्या बायकांचं तेच. त्यांनी ओव्हुलेशनच्या टेस्ट स्ट्रिपनं अंडं कधी सुटलं ते बघून त्याची एक पट्टी जोडावी लागते. अनियमित पाळीवाल्यांना दोन सायकल म्हणजे कितीतरी महिने लागतात, आणि काही अँटिसायकॉटिक औषधांनी प्रोलॅक्टिन वाढून पाळीच लांबते, म्हणजे चुकीच्या निदानाची गोळीच बरोबर निदानाचा पुरावा पुसते. ह्याला फॉर्म काय करणार म्हणा, पण डॉक्टरांना हे आठवण करून द्यावं लागतं.

पाळीच्या अॅपवर का नाही भरायचं असं बरेच जण विचारतात. मी अॅपपण वापरून बघितलंय. साध्या अॅपमध्ये चेहऱ्यांची चित्रं असतात, रडका, चिडका, हसरा, त्यात किती रडका हे नसतं. शिवाय अॅप आधीच सांगतं की उद्यापासून तुमचे पीएमएसचे दिवस सुरू, आणि ते वाचलं की आपण त्या नजरेनंच स्वतःकडे बघायला लागतो. कागदाला पुढचं काही माहीत नसतं, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. आणि आपली मनःस्थिती कुठल्या सर्व्हरवर पडून राहते हाही प्रश्न आहेच. आकड्यांची पट्टी असलेलं आणि भाकीत बंद करता येणारं अॅप असेल तर जरूर वापरा.

फॉर्म भरून पुढे काय झालं तर मॅडमनी बायपोलारची औषधं हळूहळू कमी केली, महिने घेतले त्याला. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं: चार्ट बघून स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, लिथियम हे बायपोलारचं औषध अचानक थांबवलं आणि आजार खरंच बायपोलार निघाला तर झटका जोरात येऊ शकतो, लॅमोट्रिजिनसारखी औषधंही एकदम तोडायची नसतात. माझ्या बाबतीत मग एसएसआरआय ह्या डिप्रेशनवरच्या औषधांच्या गटातली गोळी सुरू झाली, तीसुद्धा फक्त सायकलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. डिप्रेशनमध्ये ह्याच गोळीला काही आठवडे लागतात पण पीएमडीडीत काही दिवसांतच परिणाम दिसू शकतो. सगळ्यांना ती लागू पडतेच असं नाही, काहींना ड्रोस्पिरेनोन नावाचं हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी देतात, काहींना सीबीटी ह्या, विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणाऱ्या थेरपीचा उपयोग होतो, अगदीच काही चाललं नाही तर अंडाशयाचं काम थांबवणारी इंजेक्शनं असतात. लॅमोट्रिजिन चालू असेल आणि इस्ट्रोजेनवाली गोळी कुणी सुचवली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं प्रिस्क्रिप्शन दाखवा, इस्ट्रोजेननं लॅमोट्रिजिनची पातळी घसरते. आणि व्हॅल्प्रोएट हे बायपोलारमध्ये देतात ते औषध चालू असेल तर गर्भधारणेबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला, त्यानं बाळात व्यंग येण्याचा धोका चांगलाच वाढतो, बायपोलारचं निदान पक्कं आहे का हे तपासायला तेवढं एक कारण पुरे आहे.

उलटंही होतं, आणि ह्यासाठी मला हा फॉर्म जास्तच आवडतो. माझ्या बहिणीच्या मैत्रिणीनं माझं ऐकून तोच भरला, तिचे पाळीनंतरचे आकडे खाली आलेच नाहीत, चार-पाचवरच राहिले, फक्त पाळीच्या आधी सहा झाले. म्हणजे आधीपासून असलेला आजार पाळीच्या आधी भडकतो, त्याला पीएमई म्हणतात, त्याचे उपचार मूळ आजाराचे करावे लागतात. तिला आधी वाईट वाटलं कारण तिला पण "फक्त हार्मोन आहेत" हे उत्तर हवं होतं. पण खऱ्या बायपोलारमध्ये नुसती एसएसआरआय दिली तर मेनिया, म्हणजे मूड बेफाम वर जाण्याचा झटका, उसळू शकतो, त्यामुळे कागदानं तिला वेळेवर थांबवलं हे बरंच झालं. कुठल्याही एका बाजूचा वकील नाहीये हा फॉर्म.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या न छापलेल्या ओळीसाठी कापला. दर महिन्याला काही दिवस तुम्ही ओळखू येत नाही असं घरचे म्हणत असतील, औषधं बदलूनही तेच चालू असेल, किंवा आजाराचं नाव दर डॉक्टरमागे बदलत असेल तर हा भरा आणि दोन्ही पानं मूळच्या आकड्यांसकट घेऊन जा, सारांश करून नेऊ नका, कारण सारांशात ती कडा दिसत नाही. सायकियाट्रिस्ट आणि गायनॅक दोघांनाही तीच पानं दाखवा. फक्त पंचविसाव्या ओळीवर आकडा वर गेला असेल तर दोन सायकल पूर्ण व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करा आणि कुणालातरी जवळ बसवून घ्या. चार्ट नंतर पण भरता येतो.